तावाची विद्या : खामगावच्या चांदीपासून वरणगावच्या पितळेपर्यंत

इसवी सन १८७० मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब ते खामगाव या आठ मैलांच्या नव्या लोहमार्गाच्या उद्घाटनासाठी वऱ्हाडात आले, तेव्हा ज्या गावी त्यांची गाडी थांबली ते गाव कोणा राजाची राजधानी नव्हते, तीर्थक्षेत्र नव्हते, आणि नरनाळा किंवा गाविलगड यांच्यासारखा दुर्गही त्याच्या पाठीशी उभा नव्हता; साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने तेथवर यावे एवढी प्रतिष्ठा त्या कसब्याला लाभली होती ती केवळ त्याच्या कापसाच्या बाजारामुळे. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने मांडून तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांची देवघेव सुरू केली. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तोडला, कापसाचे भाव भडकले, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतून निघालेला प्रत्येक बोंडाचा तंतू समुद्रापलीकडच्या यंत्रांना हवासा झाला, तेव्हा खामगाव हे हिंदुस्थानातील अग्रगण्य कापूसपेठांपैकी एक म्हणून गणले जाऊ लागले.

या वैभवाची नोंद दप्तरात विपुल आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली केल्यापासून जमिनीची मोजणी, साऱ्याची आकारणी, पेठांचे हिशेब आणि मालाची आवकजावक यांची जी कागदपत्रे तयार झाली, त्यांवरून त्या काळच्या खामगावचा आर्थिक इतिहास बऱ्याच तपशिलाने लिहिता येतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमला गेला होता, आणि त्या पदावरील हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने बियाण्यापासून गाठी बांधण्यापर्यंतच्या प्रत्येक गोष्टीवर लिहिले आहे. परंतु या साऱ्या दप्तरातून एक विद्या सर्वस्वी निसटली. ज्या कापसाने पैसा आणला त्याचा हिशेब सरकारने ठेवला. त्या पैशाचे पुढे जे झाले, आणि ते ज्या हातांनी केले, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. धातूला अग्नी किती द्यावा, कोठे द्यावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोठे देऊ नये, हे ज्ञान खामगावच्या सराफ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे, आणि माझ्या मते त्या गावाच्या इतिहासातील ते एक स्वतंत्र प्रकरण आहे.

कापसाचा पैसा वऱ्हाडात आला तो चांदीच्या रूपाने. १८३५ पासून चलनात असलेला रुपया वजनाने १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. १८९३ पर्यंत कोणालाही चांदी टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घेता येत असत, त्यामुळे रुपया आणि चांदी यांच्यातील सीमा केवळ ठशापुरती होती. रुपया मुशीत घातला की त्याची चांदी होई, आणि चांदी टांकसाळीत गेली की तिचा रुपया होई. पेढ्यांवर विसंबण्याची सवय नसलेल्या, आणि दुष्काळाचा अनुभव हाडीमाशी भिनलेल्या कुणब्याला बचतीचा याहून सोपा मार्ग कोणता असणार? बायकोच्या पायातील तोडे, मुलाचे वाळे, कमरेचा करदोटा, गळ्यातील सरी ही त्याची तिजोरी होती, आणि अडीनडीला ती गहाण पडे किंवा मोडली जाई. कापसाच्या त्या तेजीत वऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी नांगराचे फाळ आणि गाड्यांच्या धावासुद्धा चांदीच्या केल्या, अशी कथा त्या काळी प्रसृत झाली होती. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही, कारण चांदीचा फाळ वऱ्हाडच्या उन्हाळी ढेकळांत एक तासही टिकायचा नाही. परंतु एवढी अतिशयोक्ती कोणाला सुचावी आणि ऐकणाऱ्याने ती मानावी, इतकी चांदी त्या मुलखात उतरली होती हे मात्र तिच्यावरून निश्चित होते.

ही चांदी घडवणारा सोनार आपल्या शेगडीपुढे काय करीत असे ते पाहिले पाहिजे. मुशीत वितळवलेली चांदी साच्यात ओतून तिची लगड झाली, की ती ऐरणीवर ठेवून हातोडीने वाढवायची. पहिले काही घाव चांदी आनंदाने सोसते. ती पसरते, पातळ होते, कारागिराच्या मनाप्रमाणे वळते. पण घावामागून घाव पडत गेले की तिचा स्वभाव पालटतो. हातोडी उसळू लागते, तिचा नाद बद होण्याऐवजी टणक होतो, पत्र्याची कड ताठते, आणि कारागिराने तरीही हट्ट धरला तर त्या कडेला केसासारखी चीर पडते. तारेचेही तेच. जंतरपट्टीच्या एका भोकातून दुसऱ्या लहान भोकात खेचता खेचता तार बारीक होते तशी ती चिवटही होते, आणि एका मर्यादेपलीकडे चिमट्याशी तुटते. अशा वेळी सोनार हातोडी खाली ठेवतो, पत्रा कोळशाच्या निखाऱ्यांवर धरतो, फुंकणीने जाळ फिरवतो, आणि वाट पाहतो.

ही वाट पाहणे हीच ती विद्या. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते; तिला मऊ करण्यासाठी तेवढ्या उष्णतेची गरज नसते, आणि तांब्याचा अंश असलेल्या चांदीला साधारणपणे सहाशे ते साडेसहाशे अंशांपर्यंत नेले म्हणजे काम होते. परंतु ज्या काळी तापमापक यंत्र सराफ्यात कोणी पाहिलेही नव्हते, त्या काळी हे अंश ओळखायचे ते रंगावरून. पत्रा प्रथम काळवंडतो, मग त्यावर गुलाबी छटा येते, मग मंद, कोंदट तांबूस तेज. त्या तेजाला थांबायचे. त्याच्या पुढे जाऊन पत्रा लालभडक झाला तर धातूचे कण भरड होतात, पुढच्या घडाईत पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उठतो, आणि आणखी थोडा प्रमाद झाला तर कड वितळून सारा श्रम व्यर्थ जातो. हे मंद तेज भर उन्हात दिसत नाही. म्हणूनच सोनाराची बैठक अंधाऱ्या कोपऱ्यात असते, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही आणि तो त्या अंधाराला दारिद्र्याचे लक्षण समजतो. योग्य रंग आला की पत्रा पाण्यात बुडवायचा, चिंचेच्या किंवा सौम्य तेजाबाच्या पाण्यात उजळायचा, आणि पुन्हा ऐरणीवर घ्यायचा. आता तीच चांदी पहिल्यासारखी मऊ झालेली असते. एखादे खोल भांडे, देवीचा मुखवटा किंवा प्रभावळ पुरी होईपर्यंत हे चक्र कितीदा तरी फिरते, आणि राळेच्या पाटावर उठावाचे काम चालले असेल तर प्रत्येक वेळी पत्रा राळेपासून सोडवून, चिकटलेली राळ जाळून, मग ताव द्यावा लागतो.

येथे लोहाराची आणि सोनाराची विद्या परस्परांहून भिन्न होते, आणि या भेदाकडे पुष्कळ सुशिक्षितांचेही लक्ष नसते. पोलाद तापवून एकदम पाण्यात बुडवले तर ते कठीण होते. विळ्याला, कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो ते यासाठीच. चांदी, तांबे आणि पितळ यांच्या बाबतीत पाण्यात बुडवल्याने काठिण्य येत नाही. ते सावकाश निववले काय किंवा पाण्यात टाकले काय, मऊच राहतात. त्यांना कठीण करण्याचा एकच मार्ग, आणि तो म्हणजे घाव. धातू घावाने कठीण का होतो याची उपपत्ती पाश्चात्त्य विज्ञानाला फार उशिरा सापडली. धातूचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत शेफील्डच्या हेन्री सॉर्बी याने १८६० च्या दशकात सुरू केली. आणि स्फटिकांतील अणूंच्या रांगांमध्ये जे दोष असतात ते सरकल्याने धातू वाकतो, व ते एकमेकांत गुंतून पडल्याने तो ताठतो, हा विचार टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडला तो १९३४ साली. उष्णतेने अणूंना हालचालीची मुभा मिळते, गुंता सुटतो, आणि जुन्या पिचलेल्या कणांच्या जागी नवे, निर्व्यथ कण जन्म घेतात. शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला अनुशीतन म्हणतात. खामगावच्या सोनाराला अणू ठाऊक नव्हता, पण गुंता केव्हा झाला आणि केव्हा सुटला हे त्याच्या मनगटाला कळत होते.

जी गोष्ट चांदीची, तीच तांब्यापितळेची. पेशवाईत पुण्यात स्थिरावलेल्या तांबटांनी हंडे, घागरी आणि बंब घडवताना, मठारकामाचे गोल ठसे उमटवताना, हाच क्रम पाळला. आणि वऱ्हाडाच्या पूर्वेला, वैनगंगेच्या काठी, भंडारा शहराने पितळेच्या भांड्यांवर आपले नाव मिळवले ते याच विद्येच्या जोरावर. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन जाते, त्यामुळे ते खनिजातून वेगळे काढणे ही एक अत्यंत अवघड कला होती, आणि ती राजस्थानातील जावर येथील खाणींच्या परिसरात मध्ययुगातच साध्य झाली होती. रसरत्नसमुच्चयासारख्या संस्कृत ग्रंथातही रसकापासून जस्त पाडण्याची कृती आलेली आहे. एवढी प्रगल्भ परंपरा ज्या देशात होती, त्या देशातील पितळेचा पुढचा मोठा अध्याय मात्र तांबटआळीत लिहिला गेला नाही. तो सरकारी कारखान्यांत लिहिला गेला, आणि भांड्यांऐवजी काडतुसांच्या रूपाने.

जलंब स्थानकावरून पश्चिमेकडे निघाले की नांदुरा, मलकापूर, बोदवड ही गावे ओलांडून गाडी भुसावळला पोहोचण्यापूर्वी वरणगाव लागते. लॉर्ड मेयो ज्या मुख्य लोहमार्गाने आले त्याच मार्गावरचे हे गाव. येथे १९६४ साली भारत सरकारने दारूगोळ्याचा कारखाना उभारला, आणि रायफलींची काडतुसे तेथे तयार होऊ लागली. भौगोलिक दृष्टीने खामगावच्या सराफ्याचा हा शेजारी आहे, आणि धातुविद्येच्या दृष्टीने सख्खा भाऊ. हे नाते स्पष्ट होण्यासाठी काडतुसाचा इतिहास थोडा मागून सांगणे प्राप्त आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, बुलढाण्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या असई येथे, आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातच अडगाव येथे मराठ्यांच्या फौजा आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढल्या, त्या वेळी दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या कमरेला होती ती कागदी काडतुसे. कागदाच्या नळीत दारूची मोजलेली मात्रा आणि शिशाची गोळी, एवढेच त्याचे स्वरूप. शिपायाने ते दातांनी फोडावे, दारू नळीत ओतावी, गोळी ठासावी. तोफा मात्र पितळी, कांशी धातूच्या होत्या, आणि असईच्या रणांगणावर हाती लागलेल्या मराठी तोफांची इंग्रजांनीही वाखाणणी केली. आपल्याकडे अठरा कारखान्यांत तोफखाना आणि दारूखाना यांची गणना होती, म्हणजे धातू आणि दारू या दोन्ही विद्या राज्याच्या आश्रयाला होत्या. परंतु दोन्ही एका नळीत एकत्र आल्या नव्हत्या. दातांनी फोडायच्या कागदी काडतुसाचे १८५७ साली काय झाले ते सर्वश्रुत आहे.

मागून भरायच्या बंदुका आल्या आणि प्रश्न पालटला. दारूचा स्फोट झाला की तापलेला वायू मागच्या फटीतून शिपायाच्या तोंडावर यायचा. ती फट बुजवण्यासाठी असे आवरण हवे की जे स्फोटाच्या क्षणी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटेल, आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटे होईल. कागदाला हे जमणार नव्हते, लोखंडाला त्या काळी जमले नाही, पितळेला जमले. ब्रिटिश सैन्यात १८६६ पासून आलेले बॉक्सरचे काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले होते. ते कारखान्यात स्वस्त पडे, पण रणात दगा देई. मार्टिनी-हेन्री बंदुकीत गरम नळीला चिकटून ते फाटे, आणि सुदानच्या मोहिमेतील कटू अनुभवानंतर एकसंध, ओढून घडवलेल्या पितळी कवचाकडे वळणे भाग पडले. पुढे पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफलीचे काडतूस आले ते या एकसंध कवचाचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली, म्हणजे खामगावच्या लोहमार्गाच्या आदल्याच वर्षी स्थापन झाला होता, आणि या साऱ्या स्थित्यंतरांतून तो गेला.

काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. हे प्रमाण सहज ठरलेले नाही. न फाटता सर्वांत जास्त ताणले जाणारे पितळ ते हेच. जाड पत्र्यातून एक गोल चकती कापतात, तिची वाटी करतात, आणि ती वाटी एकामागून एक लहान होत जाणाऱ्या साच्यांतून दाबून लांब, पातळ भिंतीची नळी होईपर्यंत ओढतात. प्रत्येक ओढीला पितळ ताठते. म्हणून प्रत्येक ओढीनंतर ते भट्टीत घालायचे, मऊ करायचे, तेजाबाने उजळायचे, आणि मग पुढच्या साच्याकडे न्यायचे. यंत्राचा आकार आणि वेग बाजूला ठेवला तर जंतरपट्टीपुढे बसलेल्या सोनाराचा आणि या कारखान्याचा क्रम अक्षरशः एक आहे.

पण शेवटच्या टप्प्यावर काडतूस सोनाराच्या कोणत्याही दागिन्याहून अधिक चोखंदळ ठरते. कवचाचा बुंधा, जेथे ठोसा बसतो आणि सारा दाब सोसावा लागतो, तो कठीणच राहिला पाहिजे. तो मऊ झाला तर स्फोटाच्या वेळी फुटून बंदूक आणि बंदूकधारी या दोघांचाही घात करील. उलट कवचाचे तोंड, जे गोळीला आवळून धरते, ते मऊ हवे. कठीण राहिले तर काही काळाने चिरते. म्हणजे बोटाएवढ्या लांबीच्या एकाच तुकड्यात एक टोक टणक आणि दुसरे टोक नरम, आणि मध्ये क्रमाक्रमाने उतरत जाणारे काठिण्य. म्हणून कवचे उभी फिरवत नेऊन त्यांच्या फक्त तोंडावरून आणि मानेवरून ज्योत फिरवतात, तीही काही क्षणच. त्या ज्योतीने मानेखाली निळसर-तपकिरी पट्टा उमटतो. लष्करी काडतुसांवर तो पुष्कळदा तसाच ठेवतात, कारण तो पाहून तपासणाऱ्याला ताव दिला गेला आहे याची खात्री पटते. व्यापारी मालावर तो झिलई करून पुसतात. अग्नी कोठे देऊ नये या ज्ञानाचे याहून मूर्त उदाहरण मला माहीत नाही.

या तावाचे महत्त्व साऱ्या जगाला शिकवले ते मात्र हिंदुस्थानच्या पावसाळ्याने. ब्रिटिश फौजेच्या अनुभवास असे आले की पावसाळ्यात साठवून ठेवलेली काडतुसे, कोणी हात न लावताही, आपोआप मानेशी चिरतात. आणि ही चीर विशेषतः घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या साठ्यात आढळे. ऋतूबरोबर येते म्हणून इंग्रजांनी या विकाराचे नावही ऋतूवरून ठेवले, पण कारण बराच काळ गूढ राहिले. आर्द्रतेला दोष द्यावा तर दमट हवेत ठेवलेल्या प्रत्येक पितळी भांड्याला चिरा पडत नाहीत. पितळेला दोष द्यावा तर तेच पितळ कोरड्या कोठारात वर्षानुवर्षे निर्दोष राहते. अखेर १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन धातुशास्त्रज्ञांनी याचा उलगडा प्रसिद्ध केला. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेच्या पृष्ठभागावर बसतो, आणि घडाईच्या वेळी धातूत अडकून राहिलेला ताण त्याच्या साहाय्याने कवच आतून उकलतो. ताण नसेल तर अमोनिया एकटा हे करू शकत नाही, आणि अमोनिया नसेल तर ताण एकटा स्वस्थ पडून राहतो. दोघांची गाठ पडली की मात्र चीर ठरलेली.

उपाय दोन निघाले. साठा कोरड्या आणि तबेल्यापासून दूर असलेल्या कोठारात ठेवणे हा एक. आणि घडाई पुरी झाल्यावर सौम्य ताव देऊन आतला ताण सोडवणे हा दुसरा. यासाठी पितळ पूर्ण मऊ करण्याची गरज नसते. दोनशे ते तीनशे अंशांच्या आसपासची उष्णताही ताण उतरवते, आणि काठिण्य बहुतांशी तसेच राहते. ताण उरला आहे की नाही हे तपासण्यासाठी कवच पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात, म्हणजे मर्क्युरस नायट्रेटमध्ये बुडवण्याची परीक्षाही रूढ झाली; सदोष कवच त्यात थोड्याच वेळात चिरून आपला दोष कबूल करते. ज्या वऱ्हाडचा महसूल घोडदळ बाळगणाऱ्या एका फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला गेला होता, त्या वऱ्हाडातील वाचकाला या शोधातील पावसाळा आणि तबेला हे दोन्ही परके वाटणार नाहीत.

आता या विद्येच्या एका घरगुती शाखेविषयी. वापरलेले पितळी कवच टाकून न देता ते पुन्हा भरण्याची चाल पाश्चात्त्य शिकाऱ्यांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. अमेरिकेत १८८४ साली जॉन बार्लो याने त्यासाठी हाताची साधने विकण्याचा कारखानाच काढला. आपल्या सातपुड्यात आणि मेळघाटात हिंडणाऱ्या इंग्रज अंमलदारांनाही दारू आणि गोळी यांचे हे वेड होते. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखाचे वर्णन करणाऱ्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने त्याआधी शिकारी रायफलींवरही स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. कवच जितक्या वेळा उडवावे आणि पुन्हा साच्यात आवळावे, तितक्या वेळा त्याची मान ताणली आणि दाबली जाते, म्हणजे ऐरणीवरच्या पत्र्याप्रमाणेच ताठते. म्हणून काही फेऱ्यांनंतर मानेला ताव द्यावा लागतो. याच्या ज्या रीती परदेशी छांदिष्टांनी काढल्या त्या पाहिल्या म्हणजे मनुष्याची बुद्धी सर्वत्र कशी एकाच वाटेने जाते याचे नवल वाटते. जुनी रीत अशी की परातीत बुंधे बुडतील एवढे पाणी घालून त्यात कवचे उभी करायची, ज्योतीने माना तापवायच्या, आणि रंग येताच कवच आडवे पाडायचे. पाणी बुंध्याचे रक्षण करते. दुसरी रीत वितळलेल्या शिशात फक्त मान बुडवण्याची, कारण शिसे ३२७ अंशांच्या वर पातळ होते आणि उष्णतेची मर्यादा काही अंशी आपोआप सांभाळते. मेणबत्तीच्या ज्योतीवर कवच बोटांत धरून फिरवायचे आणि बुंधा बोटांना चटका देऊ लागताच टाकून द्यायचे, ही रीत मला सर्वांत हृद्य वाटते, कारण तीत तापमापक म्हणून कारागिराचे शरीरच वापरले जाते. अलीकडे ठरावीक अंशाला वितळणारे रंगीत लेप, फिरत्या चक्राची यंत्रे, आणि चुंबकीय क्षेत्राने क्षणार्धात मान तापवणारी विद्युत उपकरणे निघाली आहेत, आणि ती ताव सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत मोजतात.

आपल्या देशात हा घरगुती छंद रुजला नाही, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य रयतेला शस्त्रापासून दूर केले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे निषिद्धच ठेवले. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे पर्वच संपवले. हे योग्यच झाले असे मी मानतो. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की काडतुसाच्या तावाची विद्या आपल्याकडे पूर्णपणे कारखान्याच्या भिंतींआड राहिली, आणि २०२१ साली दारूगोळा कारखान्यांची पुनर्रचना होऊन खडकी व वरणगाव हे पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आले तरी ती तेथेच आहे. कारखान्याची विद्या मात्र कागदावर असते. भट्टीचे अंश, वेळ, परीक्षेची रीत हे सारे तेथे लिहिलेले असते, आणि एक कारागीर निवृत्त झाला म्हणून ते नाहीसे होत नाही.

सराफ्याची स्थिती याच्या उलट आहे. खामगाव आज रजतनगरी म्हणून ओळखले जाते. कापसाच्या पेठेचे तेज ओसरले तरी चांदीच्या चोखपणाचा लौकिक टिकून आहे, आणि मूर्ती, पूजेची उपकरणी, मंदिरांची दारे व मखरे यांसाठी लोक या गावाकडे येतात. पत्रा आता लाटणयंत्रातून निघतो, फुंकणीची जागा गॅसच्या बत्तीने घेतली आहे, आणि टंच तपासायला यंत्रे आली आहेत. तरी उठावाचे काम करणारा कारागीर ताव ओळखतो तो अद्याप डोळ्यांनीच, आणि हे ओळखणे त्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नसते. शुद्ध चांदी आणि तांबे मिसळलेली चांदी यांचे तेज तो वेगळे कसे पाहतो. बाभळीचा कोळसा आणि गॅसची ज्योत यांत त्याला कोणता भेद जाणवतो. जुन्या मंदिरातून दुरुस्तीसाठी आलेल्या, शे-पाऊणशे वर्षांपूर्वी ठोकलेल्या पत्र्याला तो पहिला ताव किती भीत भीत देतो, आणि एखाद्या प्रभावळीचा डाग जवळ असेल तर तो सुटू नये म्हणून ज्योत कोणत्या बाजूने फिरवतो, हे प्रश्न त्याला कोणीतरी वही घेऊन विचारले पाहिजेत. जिल्ह्याच्या गॅझेटियरात कापसाच्या गाठींना जेवढी पाने मिळाली, तेवढी या उत्तरांना मिळायला हवीत. आणि ती लिहून घेताना कारागिराच्या तोंडचे शब्द, त्याने सांगितलेले रंग आणि त्याने दाखवलेली हाताची ठेवण जशीच्या तशी उतरवली जावी, कारण अंशांच्या आकड्यांत ती मावणार नाहीत.